दोराने चढणारी गाडी

आमच्या विरारच्या डोंगरावर जीवदानी देवीचे स्थान आहे. देवीचे दर्शन घडावयाचे तर तेराशेहून अधिक पायऱ्या चढावयास हव्यात, हा आमच्या लहानपणीचा शिरस्ता. नवरात्रात पहाटे अंधारातच गावोगावची मंडळी निघत, आणि उन्हे तापण्यापूर्वी वर पोहोचत. आम्ही मुले ह्या पायऱ्या धावत चढत असू आणि मागे राहिलेल्या वडील मंडळींस हसत असू. गुडघा म्हणून शरीरात काही अवयव आहे याची जाणीव त्या वयात कोणास असते? आता तेथेही दोराने चालणाऱ्या वाहनाची सोय झाली आहे, आणि ज्यांनी आयुष्यभर पायऱ्या मोजल्या ते माझ्यासारखे वृद्ध लोक निमूटपणे तिकिटाच्या रांगेत उभे राहतात.

आज मी आपणांस डोंगर चढणाऱ्या गाड्यांची हकीकत सांगणार आहे. परंतु ह्या विषयाकडे मी कसा वळलो, हे आधी सांगणे प्राप्त आहे. कारण त्यात माझ्या हातून राहून गेलेल्या एका कर्तव्याची गोष्ट गुंतलेली आहे.

माझ्या आईची वणीच्या सप्तशृंगीवर फार श्रद्धा. महाराष्ट्रातील देवीच्या साडेतीन पीठांपैकी हे अर्धे पीठ. नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुक्यात, कड्याच्या कपारीत, अठरा हातांची, शेंदराने माखलेली, पुरुषभर उंचीहूनही मोठी अशी देवीची मूर्ती उभी आहे. आईने लग्नानंतर एकदाच तेथे जाऊन दर्शन घेतले होते. "मला एकदा वणीला ने" असे ती मला म्हणे, आणि मी प्राथमिक शाळेतील शिक्षक, "परीक्षा झाल्या की जाऊ" असे म्हणे. परीक्षा दर वर्षी होत. अखेर सन २००० च्या सुमारास मी तिला घेऊन निघालो, तेव्हा तिचे वय सत्तरीच्या घरात गेले होते.

नांदुरीहून घाटाने मोटार वर जाते आणि गडावरील वस्तीपाशी थांबते. तेथून देवळापर्यंत सुमारे पाचशे पायऱ्या. सरदार दाभाडे यांच्या घराण्यातील उमाबाईंनी त्या बांधविल्या असे सांगतात. आई पंधरावीस पायऱ्या चढली आणि बसली. डोलीवाले जवळच होते. दोघांनी खांद्यावर घेऊन माणसास वर नेऊन आणण्याचा त्यांचा व्यवसाय. मी दर ठरविला. तेव्हा आई म्हणाली, "माणसाच्या खांद्यावर बसून देवीला भेटायला मी काय मेलेली आहे?" डोलीवाला हसला, पण आई हसली नाही. तिने पायरीवर नारळ ठेवला, वर कड्याकडे पाहून हात जोडले, आणि आम्ही परत फिरलो. त्यानंतर आठ वर्षांनी ती वारली. वणीचे दर्शन राहिले ते राहिलेच.

सन २०१८ मध्ये सप्तशृंगी गडावर रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी सुरू झाली. इंग्रजीत तिला फ्युनिक्युलर म्हणतात. लोक ट्रॉली म्हणतात. सेवानिवृत्तीनंतर मी कुटुंबासह वणीस गेलो, तेव्हा त्या गाडीत बसण्याचा योग आला. गाडीची रचना मोठी चमत्कारिक. आतील बैठक जिन्याप्रमाणे पायरीपायरीने वर गेलेली, म्हणून डोंगराचा उतार कितीही तीव्र असला तरी आत बसलेला मनुष्य सरळच राहतो. घंटा झाली आणि गाडी सुरू झाली. इंजिनाची धडधड नाही, धूर नाही. कोणीतरी वरून अलगद ओढून घ्यावे तसे आम्ही वर सरकू लागलो. अर्ध्या वाटेवर रूळ दुभंगले, आणि शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी उतरत आली. आमच्या गाडीतील लोकांच्या हातांत नारळ व खण होते. त्या गाडीतील लोकांच्या कपाळी कुंकू होते. क्षणभर दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या आणि एकमेकींना ओलांडून गेल्या. अवघ्या काही मिनिटांत आम्ही वर पोहोचलो. "सासूबाई असत्या तर!" एवढेच माझे कुटुंब म्हणाले. मी काहीच बोललो नाही.

घरी आल्यावर मात्र मनाने घेतले की, ह्या गाडीचा पूर्वेतिहास पाहावा. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. यंत्रशास्त्राचा अभ्यास मला नाही. तथापि हिचे तत्त्व समजण्यास वसईच्या मनुष्यास यंत्रशास्त्र शिकण्याची आवश्यकता नाही. आमच्याकडील केळीच्या बागा व पानमळे रहाटाच्या पाण्यावर वाढले. रहाटाच्या माळेवर भरलेली गाडगी एका अंगाने वर येतात आणि रिकामी दुसऱ्या अंगाने खाली जातात. गाडग्यांचे वजन दोन्ही अंगांस सारखेच असल्यामुळे बैलास जोर लावावा लागतो तो केवळ पाण्यापुरता. दोराच्या गाडीत असेच घडते. डोंगराच्या माथ्यावर एक मोठे चाक, त्यावरून गेलेला एक पोलादी दोर, आणि दोराच्या दोन टोकांस दोन गाड्या. एक उतरते तेव्हा तिचे वजन दुसरीस वर खेचते. विजेच्या यंत्रास उचलावे लागते ते दोन्हींकडील माणसांच्या वजनातील अंतर, आणि जे काय घर्षण असेल ते. दोर तुटलाच तर गाडीच्या तळाशी असलेले ब्रेक रुळांस पकडून धरतात.

फ्युनिक्युलर हे नाव लॅटिन भाषेतील आहे. फ्युनिस म्हणजे दोर. फ्युनिक्युलस म्हणजे बारीक दोर. आपण तिला सरळ दोरगाडी म्हटले तर काही बिघडणार नाही. ही कल्पना आजकालची मुळीच नव्हे. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथील किल्ल्यावर सामान चढविण्यासाठी असा एक मार्ग होता, आणि त्याचा उल्लेख सन १५१५ मधील लिखाणात आढळतो. त्या काळी रूळ लाकडाचे, दोर अंबाडीसारख्या तागाचे, आणि ओढणारे हात माणसांचे किंवा जनावरांचे. तागाचा दोर कुजतो आणि तुटतो, म्हणून त्याच्यावर माणसांचा जीव टांगणे धोक्याचे असे. सन १८३४ मध्ये जर्मनीतील हार्झ पर्वतातील खाणींत व्हिल्हेल्म आल्बर्ट या अधिकाऱ्याने लोखंडी तारा पिळून दोर तयार केला, आणि तेव्हापासून दोराच्या भरवशावर मनुष्य डोंगर चढू लागला.

सन १८६२ मध्ये फ्रान्समधील लियों शहरात उतारूंसाठी अशी गाडी सुरू झाली. पुढे स्वित्झर्लंडातील गीसबाख येथे १८७९ साली कार्ल रोमान आब्ट या स्थापत्यविशारदाने एक फार सोपी युक्ती योजली. पूर्वी दोन गाड्यांसाठी दोन स्वतंत्र मार्ग बांधावे लागत. आब्टने एकाच मार्गावर मध्यभागी तेवढे रूळ दुभंगविले. प्रत्येक गाडीच्या एका बाजूच्या चाकांस दोन्हीकडून कडा ठेवल्या, व दुसऱ्या बाजूची चाके सपाट ठेवली. एका गाडीची कडा असलेली चाके डाव्या अंगास आणि दुसरीची उजव्या अंगास; त्यामुळे एक गाडी नेहमी डावीकडे वळते व दुसरी उजवीकडे. सांधेवाला नको, सांधा बदलणे नको. वणीच्या डोंगरावर दोन गाड्यांनी एकमेकींना दिलेली ती वाट मी पाहिली, ती ह्याच कल्पनेची लेक.

अशा गाड्यांची हौस कोणी खरी केली असेल तर ती इटलीतील लोकांनी. तेथील जिनोव्हा हे बंदर समुद्र आणि डोंगर यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत वसले आहे. खाली गोदी, गोदामे आणि व्यापाऱ्यांचे वाडे; वर डोंगराच्या उतरणीवर एकावर एक रचल्यासारखी घरे. गाव वाढण्यास वरच्या दिशेखेरीज दुसरी दिशा नाही. म्हणून तेथे १८९१ साली सांत आन्नाची दोरगाडी सुरू झाली, ती पाण्याच्या वजनावर. वरच्या गाडीच्या टाकीत पाणी भरावे, म्हणजे ती जड होऊन उतरे आणि खालच्या गाडीस वर ओढी. खाली आल्यावर पाणी सोडून द्यावे. आमच्या रहाटाचीच ही उलटी बाजू. आपण बैलाच्या जोराने पाणी वर आणतो. तेथे पाण्याच्या जोराने माणसे वर नेली. पुढे ही गाडी विजेवर चालू लागली. त्याच शहरात झेक्का, म्हणजे टांकसाळ, येथून रिगी नामक टेकडीवर जाणारी दुसरी गाडी आहे. तिचा वरचा भाग १८९५ मध्ये आणि खालचा भाग १८९७ मध्ये खुला झाला. सुमारे चौदाशे मीटर लांबीचा हा मार्ग बोगद्यातून निघून टेकडीच्या माथ्यावर जातो. त्या टेकडीचे नाव स्वित्झर्लंडातील रिगी पर्वतावरून पडले, कारण ही गाडी बांधणारे उद्योजक स्विस होते.

नापोली शहराजवळच्या व्हेसूव्हिअस ज्वालामुखीवर तर १८८० सालीच दोरगाडी चढली. तिच्यावर त्या वर्षी रचलेले 'फुनिकुली फुनिकुला' हे गाणे जगभर गेले. गाणे अजून राहिले आहे, गाडी मात्र राहिली नाही. १९४४ च्या उद्रेकात ती नष्ट झाली. निसर्गाच्या अंगावर रूळ टाकले म्हणून निसर्ग आपला झाला असे कोणी समजू नये.

आता आपल्या देशाकडे वळू. वणीची गाडी सुरू झाली तेव्हा ती देशातील पहिलीच अशी प्रसिद्धी झाली. स्थानाभिमान मलाही आहे. परंतु शिक्षकाने तारीख चुकीची सांगू नये. तामिळनाडूतील पळणी येथे मुरुगनचे देवालय टेकडीवर आहे, आणि तेथे सुमारे सातशे पायऱ्या आहेत. तेथे १९६६ पासून रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी यात्रेकरूंना नेत आली आहे. लोक तिला विंच म्हणतात. त्याहीपूर्वी, हिमाचल प्रदेशात जोगिंदरनगर येथे शानन वीजघराच्या बांधणीसाठी इंग्रजी अमदानीत डोंगरावर अशीच ट्रॉली बसविली होती. ते वीजघर १९३२ साली सुरू झाले. तेव्हा वणीच्या गाडीस दोन्ही बाजूंनी वडील बहिणी आहेत. यात कमीपणा काही नाही. महाराष्ट्रात मात्र तीर्थक्षेत्री अशा प्रकारची गाडी येण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. कारण डोंगर चढण्याची विद्या आपल्याकडे त्यापूर्वी दीडशे वर्षे आली होती, आणि तिचा मोल देऊन आपण स्वीकारही केला होता. मी म्हणतो तो बोरघाट.

सन १८५३ हे वर्ष आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. त्या वर्षी १६ एप्रिल रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आपली पहिली उतारू आगगाडी गेली. योगायोग असा की, त्याच वर्षाच्या अखेरीस तिकडे इटलीत तुरीनहून निघालेला लोहमार्ग जोव्हीचा घाट ओलांडून जिनोव्हा बंदरास पोहोचला. एकोणतिसाव्या पावलास एक पाऊल उंच, म्हणजे सुमारे एकोणतीस फुटांत एक फूट, असा तो चढ. तेथेही सव्वातीन किलोमीटरांचा बोगदा खोदावा लागला, आणि चढासाठी दोन इंजिने पाठीस पाठ लावून जोडलेली खास जोडइंजिने आणावी लागली. लोक त्यांस मास्तोदोन्ती, म्हणजे प्राचीन काळचे अजस्र हत्ती, म्हणत. त्या काळी कठीण चढावर गाडी नेण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे माथ्यावर एक स्थिर इंजिन ठेवावे आणि डबे दोराने वर ओढावे. बेल्जममधील लिएज येथे १८४२ पासून तसेच चालले होते. जिनोव्हाने दोर सोडून चाकावर भरवसा ठेवला. पुढे आपल्या घाटातही तोच निर्णय झाला.

घाट चढण्याची आपली पूर्वीची रीत कोणती होती? माल बैलांच्या पाठीवर, श्रीमंत पालखीत, गरीब पायी. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असता १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. पुढे आगगाडी १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली, आणि खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला; पण मध्ये सह्याद्रीची भिंत उभी. म्हणून पाच वर्षे असे चालले की, मुंबईचा उतारू खोपोलीस आगगाडीतून उतरे, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढे, आणि खंडाळ्यास पुन्हा आगगाडीत बसे. वाफेच्या युगाची दोन टोके जोडीत होते भोयांचे खांदे. माझ्या आईने वणीस डोली नाकारली तेव्हा तिला ह्या इतिहासाची माहिती नव्हती. पण तिच्या बोलण्याचे मूळ त्यातच होते असे मला वाटते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य स्थापत्यविशारद जेम्स जॉन बर्कले यांनी बोरघाटाची आखणी केली. पावणेसोळा मैलांच्या अंतरात अठराशे एकतीस फूट चढावयाचे. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, आणि जेथे अतिशय कठीण तेथे सदतीस फुटांत एक फूट चढ. एका ठिकाणी तर गाडीस वळविण्यापुरतीही जागा डोंगराने दिली नाही. तेथे गाडी पुढे जाऊन थांबे, इंजिन काढून दुसऱ्या टोकास जोडीत, आणि मागचा डबा पुढचा होऊन गाडी उलट दिशेने पुढील चढ चढू लागे. घाटाच्या पायथ्याचा लोहमार्ग ज्या कोणी पाहिला असेल त्यास ही योजना किती धाडसाची होती हे सांगावयास नको.

नकाशावर रेघ ओढणे एक, आणि कातळात ती कोरणे दुसरे. जानेवारी १८५६ मध्ये कामास प्रारंभ झाला. मक्ता विल्यम फेव्हिएल नामक इंग्रज कंत्राटदाराकडे होता. दऱ्यांच्या तोंडाशी उभे राहावयास जागा नसे, म्हणून मजुरांना दोर बांधून कड्यावरून खाली सोडीत, आणि अधांतरी लोंबकळत ते सुरुंगासाठी भोके पाडीत. ज्या घाटात गाडीसाठी दोर नको असे ठरले, त्या घाटात माणसांसाठी मात्र तो लागला. देशावरून व कोकणातून हजारो माणसे कुटुंबांसह येथे आली. १८६१ मध्ये एका वेळी बेचाळीस हजारांपर्यंत माणसे ह्या घाटात काम करीत होती. पावसाळ्यात काम थांबे. उन्हाळ्यात पाणी आटे, आणि पाणी आटले की पटकी येई. पटकीने, हिवतापाने, सुरुंगाने आणि कड्यांवरून पडून मेलेल्यांची संख्या हजारोंच्या घरात गेली. एका साहेबाच्या मृत्यूची तारीख आपणांस सापडते. ह्या हजारांपैकी एकाचेही नाव कोणत्या बोगद्याच्या तोंडाशी कोरलेले नाही.

जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा संयम सुटला. हाती येणारी मजुरी ठरल्याप्रमाणे मिळेना, म्हणून त्यांनी काम टाकले, आणि दंगल होऊन युरोपियन अंमलदारांवर हल्ला झाला. सत्तावनच्या बंडास दोनच वर्षे झाली होती. सरकार घाबरले, चौकशी झाली, आणि मजुरी थकल्याची तक्रार खोटी नव्हती असे दिसून आले. फेव्हिएलने त्या वर्षी मक्ता सोडला. पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, मालक व मजूर यांच्या तंट्यांविषयी कायदा झाला. पण त्यात काम सोडून जाणाऱ्या मजुरास तुरुंग दाखविण्याचीही सोय होती. न्यायाचा तराजू कोणीकडे झुकतो हे पाहावयाचे असेल तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने असले कायदे वाचावे.

त्यानंतर सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार इंग्लंडहून आला, आणि काही आठवड्यांतच त्यास मृत्यूने गाठले. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने मक्ता परत केला नाही. आपल्या नावे काम पुढे चालवून, अनुभवी अभियंत्यांच्या साहाय्याने तिने ते तडीस नेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास परक्या मुलखात विधवा झालेल्या बाईने सह्याद्रीचा लोहमार्ग पुरा करावा, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांत यावयास हवी होती. बर्कले मात्र मार्ग पुरा झालेला पाहण्यास राहिले नाहीत. १८६२ च्या ऑगस्टमध्ये वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ते इंग्लंडात वारले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या उपस्थितीत घाट खुला झाला.

घाटातील गाडीरस्त्याच्या कडेस शिंगरोबाचे लहानसे देऊळ आहे. लोककथा अशी की, साहेबांना घाटाची वाट सापडेना; तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने आपल्या गुरांमागून चालता चालता ती दाखविली, आणि वाट सापडल्यावर साहेबांनी त्यास गोळी घातली. ह्या कथेस कागदपत्रांचा आधार नाही. पण हजारो माणसे ज्या कामात नाहीशी झाली, त्या कामाची आठवण लोकांनी एका नावात साठविली असावी असे मला वाटते. दप्तरात ज्यांची नावे नाहीत त्यांचे स्मारक लोक असेच करतात. आजही वाहन हाकणारे लोक तेथे नाणे टाकून पुढे जातात.

घाटाने पुढेही आपला कर वसूल केला. १८६७ मध्ये एक मोठा पूल कोसळला. १८६९ च्या जानेवारीत उतरती गाडी गाडी उलटविण्याच्या स्थानकावर आवरली गेली नाही आणि अनेक उतारू प्राणास मुकले. पुढे १९२९ च्या सुमारास नवे बोगदे खोदून ते उलटविण्याचे स्थानकच वगळण्यात आले, मार्गावर वीज आली, आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली. तरी डोंगर अजून आपला मान राखून आहे. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जत येथे मागून जादा इंजिने जोडावी लागत आली आहेत. आपण स्थानकावर बटाटेवडा खात असतो, आणि मागून हलकासा धक्का बसतो. तो धक्का म्हणजे सह्याद्रीस दिलेली सलामीच समजा.

श्रोतेहो, वणीहून परतताना मी पायऱ्यांपाशी थोडा थांबलो. तेथे नारळ विकणारा एक वृद्ध गृहस्थ भेटला. बोलता बोलता कळले की, तो पूर्वी डोली वाहत असे. त्याच्या उजव्या खांद्यावर घट्टा अजून होता. मी विचारले, "गाडी झाली, बरे झाले ना?" तो म्हणाला, "खांद्याचं ओझं उतरलं, गुरुजी. पोटाचं तेवढं राहिलं." त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. म्हाताऱ्या माणसांना दर्शन घडते याचा त्यास संतोषच होता. तो स्वतःही मग आपल्या वृद्ध पत्नीस गाडीतून वर नेऊन आला होता. मी त्याच्याकडून दोन नारळ घेतले. एक देवीचा होता. दुसरा कोणाचा, ते त्याला सांगितले नाही.

दोरगाडीचा गुण हा की, तीत उतरणारा मनुष्य चढणाऱ्यास वर नेतो, आणि कोणाचाही खांदा मोडत नाही. माझी आई तीत आनंदाने बसली असती, याविषयी मला शंका नाही. परंतु कोणत्याही चढावर मनुष्य आपोआप पोहोचत नाही. कोठे ना कोठे कोणीतरी ते वजन पेललेले असते. बोरघाटात ते बेचाळीस हजारांनी पेलले. वणीच्या पायऱ्यांवर ते डोलीवाल्यांनी पेलले. यंत्र आल्यावर त्यांचे काय झाले हे विचारणे, आणि जमल्यास त्यांस दुसरे काम मिळवून देणे, हेही त्या यंत्राच्या खर्चातच धरले पाहिजे. नाहीतर हिशेब पुरा होत नाही.

आपण पुढच्या खेपेस पुण्यास जाल, तेव्हा कर्जतच्या पुढे पहिला बोगदा आला की पुस्तक मिटून एकवार बाहेर पाहावे. अंधारात दिसणार काहीच नाही. पण त्या कातळावर कोणाचे तरी हात लागलेले आहेत, एवढे स्मरण ठेवावे. आणि घरात कोणी वृद्ध मनुष्य "मला एकदा अमुक ठिकाणी ने" असे म्हणत असेल, तर परीक्षा होण्याची वाट पाहू नये.